निवडणुकीच्या तोंडावर शाळा आणि कचेऱ्यांवरच हल्ले का होतात?

अक्कलकोट तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या शिक्षिकेने मला काही प्रश्न विचारले आहेत. निवडणूक जवळ आली की सशस्त्र गट शाळा, पंचायत कार्यालये आणि निवडणूक कचेऱ्या यांवरच हल्ले का करतात, रात्रीच्या वेळी तर तिथे कोणीही नसते, हा त्यांचा पहिला प्रश्न आहे. अशा हल्ल्यांनी मतदान खरोखर कमी होते का, हा दुसरा. त्यांच्या शाळेत मतदान केंद्र असते आणि ते यंदा ‘संवेदनशील’ केंद्रांच्या यादीत आल्याचे कळल्यापासून पालक धास्तावले आहेत. त्यांना काय सांगावे आणि मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत बोलवावे की नाही, असेही त्यांनी विचारले आहे. राज्य राखीव पोलीस दलाच्या सोरेगाव येथील गटात माझी बहुतेक नोकरी झाली आणि त्या काळात गडचिरोलीत चार निवडणुकांच्या बंदोबस्ताला जाण्याचा प्रसंग आला. त्या अनुभवाच्या आधारे, आणि निवृत्तीनंतर या विषयाचा जो अभ्यास केला त्याच्या जोरावर उत्तर देतो.

मुळाशी एक साधी गोष्ट आहे. निवडणूक हा सरकारचा असा एकमेव कार्यक्रम आहे, ज्याची जागा, तारीख आणि तास हे तिन्ही कायद्यानेच आधी जाहीर करावे लागतात. मंत्र्यांचा दौरा ऐनवेळी बदलता येतो, पोलिसांची गस्त कोणत्या वाटेने जाणार हे कोणाला सांगण्याचे बंधन नसते, रोकड घेऊन जाणारी गाडी रोज वेगळ्या वेळेला निघू शकते. मतदान केंद्राचे तसे करता येत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम २५ प्रमाणे जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याला मतदान केंद्रांची यादी प्रसिद्ध करावी लागते, आणि ती केवळ कागदावर राहून चालत नाही. कोणत्या गावात, कोणत्या शाळेच्या कोणत्या बाजूच्या खोलीत मतदान आहे हे अंगठा उठवणाऱ्या म्हातारीलाही ठाऊक असावे लागते. ही माहिती गुप्त ठेवली तर निवडणूकच होणार नाही. त्यामुळे ज्याला सरकारचा कार्यक्रम उधळायचा आहे, त्याला लक्ष्य शोधण्याची गरजच उरत नाही.

आता रात्रीच्या रिकाम्या इमारतीचे पाहू. इमारत रिकामी असते म्हणूनच ती निवडली जाते. जंगलात राहणारा सशस्त्र गट अन्नासाठी, निरोपासाठी आणि आसऱ्यासाठी आसपासच्या गावांवर अवलंबून असतो. मतदानाच्या रांगेतली माणसे मारली तर तीच गावे त्याच्यावर उलटतात, हे त्याला पोलिसांपेक्षा जास्त चांगले समजते. रात्री शाळेची एक खोली उडवली, दारावर बहिष्काराचे लाल बॅनर बांधले आणि चार पत्रके टाकली तर कोणाच्याही घरात मर्तिक होत नाही, आणि निरोप मात्र दहा गावांत पोचतो. तो निरोप असा असतो, की सरकार म्हणते त्या दिवशी हे दार उघडणार की नाही ते आम्ही ठरवू. शाळेचा शिक्षक, अंगणवाडीतली ताई, कोतवाल आणि पोलीस पाटील यांच्यापर्यंत तो पोचावा हा त्यातला खरा हेतू, कारण मतदानाच्या दिवशी तेच दार उघडून आत बसणारी माणसे हीच असतात.

दुर्गम गावात सरकार दिसते कुठे, याचाही विचार करावा. तहसील चाळीस-पन्नास किलोमीटरवर, दवाखाना त्याहून लांब, बस दिवसातून एकदा किंवा तीही नाही. गावात सरकारी म्हणावी अशी पक्की वास्तू एकच, ती म्हणजे शाळा. तिच्याच भिंतीवर मतदार यादी लागते, तिथेच लसीकरण होते, पावसात पूल वाहून गेला की तिथेच लोकांना हलवतात. सोलापुरात ज्याला सरकारचा राग आहे त्याला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणे धरता येते, महापालिकेत जाता येते, कोर्टात जाता येते. दुर्गम गावात मात्र रागाला आणि दहशतीलाही एकच इमारत सापडते.

शाळांवरील हल्ल्यांचे समर्थन करताना माओवादी नेहमी म्हणत आले, की पोलीस शाळांमध्ये तळ ठोकतात म्हणून आम्ही शाळा पाडतो. यात अर्धे सत्य आहे, आणि ते आमच्या खात्यातल्या माणसाने मान्य केले पाहिजे असे मला मनापासून वाटते. अनेक राज्यांत सुरक्षा दले शाळांत आणि आश्रमशाळांत महिनोन्‌महिने राहिली. अखेर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला छत्तीसगडच्या प्रकरणात शाळा व वसतिगृहे रिकामी करण्याचे आदेश द्यावे लागले. उरलेले अर्धे मात्र खोटे आहे. बिहार आणि झारखंडात पाडल्या गेलेल्या शाळांपैकी कित्येकांत हल्ल्याच्या वेळी एकही पोलीस राहत नव्हता. तिथे फक्त फळा, बाके आणि मध्यान्ह भोजनाची भांडी होती.

ही रीत आपल्याकडेच आहे असेही नाही. १७ मे १९८० रोजी, म्हणजे मतदानाच्या आदल्या रात्री, पेरू देशातील चुस्ची नावाच्या डोंगराळ गावात काही बुरखाधारी माणसे नोंदणी कचेरीत शिरली आणि त्यांनी तिथल्या मतपेट्या जाळल्या. कोणी मेले नाही. दुसऱ्या दिवशी नवे साहित्य आले, मतदान पार पडले आणि राजधानीतल्या वर्तमानपत्रांनी त्या बातमीकडे फारसे पाहिलेही नाही. ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेने आपल्या युद्धाची सुरुवात त्या रात्री केली होती. पुढच्या वीस वर्षांत त्या संघर्षात, दोन्ही बाजूंच्या हातून, सुमारे ७० हजार माणसे मेली असावीत असा तिथल्या सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे. इमारतीवरील हल्ला किती मोठा आहे हे जळालेल्या वस्तूंच्या किमतीवरून मोजू नये, असे मी तरुण अधिकाऱ्यांना सांगत असे, तेव्हा चुस्चीचेच उदाहरण देत असे.

नायजेरियात ८ एप्रिल २०११ रोजी, मतदानाला एक दिवस उरला असताना, सुलेजा येथील निवडणूक आयोगाच्या कार्यालयात स्फोट झाला. तो दिवस तिथे तात्पुरत्या कामावर घेतलेल्या तरुणांच्या गर्दीचा होता. अफगाणिस्तानात २५ आणि २९ मार्च २०१४ रोजी काबूलमध्ये निवडणूक आयोगाच्या कार्यालयांवर हल्ले झाले आणि ५ एप्रिलला मतदान होते. चार वर्षांनंतर, २२ एप्रिल २०१८ रोजी, काबूलच्या पश्चिम भागात मतदार नोंदणीसाठी ओळखपत्र घ्यायला रांगेत उभ्या असलेल्या लोकांमध्ये आत्मघाती स्फोट होऊन पन्नासहून अधिक माणसे मेली, त्यांत बायका आणि लहान मुलेही होती. मतदान त्यानंतर सहा महिन्यांनी व्हायचे होते. तेव्हा धोका मतदानाच्या दिवसापुरता असतो ही समजूत चुकीची आहे. नाव नोंदवण्याच्या पहिल्या पायरीपासून तो सुरू होतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण अनेकांची इथे गल्लत होते.

काश्मीरमधील २०१७ ची पोटनिवडणूक घ्या. ९ एप्रिल रोजी श्रीनगर लोकसभा मतदारसंघात मतदान झाले, त्या दिवशीच्या हिंसाचारात आणि गोळीबारात आठ माणसे मेली आणि मतदान जेमतेम ७ टक्के झाले. पाठोपाठ १२ एप्रिलला अनंतनागचे मतदान व्हायचे होते. दक्षिण काश्मीरमध्ये मतदान केंद्र म्हणून ठरलेल्या शाळेला आग लावण्याचा प्रकार झाला, मतदान आधी २५ मेपर्यंत पुढे ढकलले गेले, नंतर रद्दच झाले, आणि ती जागा २०१९ पर्यंत रिकामी राहिली. वरवर पाहता शाळा जाळणाऱ्यांनी निवडणूक थांबवली असे दिसते. पण आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून खोरे धुमसत होते, शेकडो तरुणांच्या डोळ्यांना छऱ्यांनी इजा झाली होती, आणि मतदानाला जाण्याची इच्छाच लोकांमध्ये उरली नव्हती. त्याच खोऱ्यात २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत श्रीनगरमध्ये सुमारे ३८ टक्के मतदान झाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत जम्मू-काश्मीरमध्ये ६० टक्क्यांच्या वर मतदार बाहेर पडले. धमक्या पूर्ण थांबल्या होत्या असे नव्हे, लोकांना मताचा काही उपयोग होईल असे वाटू लागले होते.

इराकमध्येही हेच दिसले. ३० जानेवारी २००५ च्या निवडणुकीपूर्वी मतदान केंद्रे म्हणून ठरलेल्या शाळांवर देशभर हल्ले झाले, बगदादच्या भर रस्त्यात निवडणूक कर्मचाऱ्यांना गाडीतून ओढून मारले गेले. तरीही देशात ५८ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले आणि शाई लावलेले बोट उंच धरलेल्या बायकांची छायाचित्रे जगभर छापली गेली. अनबार प्रांतात मात्र मतदान सुमारे २ टक्के होते, कारण तिथे भीतीच्या जोडीला सुन्नी समाजाच्या पुढाऱ्यांनी पुकारलेला बहिष्कार होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी बहिष्कार सोडला तेव्हा धोका कमी झालेला नसतानाही लोक मोठ्या संख्येने रांगेत उभे राहिले.

यावरून माझे मत असे बनले आहे, की केवळ इमारतीवरील हल्ल्याने मतदान फारसे कमी होत नाही. जिथे मतदानाविषयीचा विश्वास आधीच आटलेला असतो तिथे तो हल्ला लोकांना घरी बसायला एक सबळ कारण देतो. गडचिरोलीकडे पाहा. ११ एप्रिल २०१९ रोजी, मतदान चालू असताना, एटापल्ली तालुक्यातील वाघेझरी येथे केंद्राजवळ स्फोट घडवला गेला. त्या वेळी गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७२ टक्क्यांच्या आसपास मतदान झाले, महाराष्ट्रात सर्वाधिक. २०२४ मध्येही तो मतदारसंघ जवळपास त्याच आकड्यावर राज्यात पहिला होता, तर ज्या सोलापुरात मतदाराला कोणी धमकी देत नाही, जिथे केंद्र घरापासून हाकेच्या अंतरावर असते, तिथे ५९ टक्के मतदान झाले. उन्हाचे कारण आपण दरवेळी सांगतो. एप्रिलचे ऊन गडचिरोलीतही असतेच, आणि सुरक्षेच्या कारणाने तिथल्या गडचिरोली आणि अहेरीसारख्या विधानसभा क्षेत्रांत मतदान दुपारी तीनलाच बंद केले जाते; तेवढ्या वेळात नदी-नाले ओलांडून चालत आलेल्या बायका मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत.

इमारतींवरील हल्ल्यांबद्दल बोलताना एक गोष्ट नजरेआड होते, आणि ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. सर्वाधिक जीव केंद्राच्या आत जात नाहीत, केंद्राच्या वाटेवर जातात. ८ ऑक्टोबर २००९ रोजी, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस असताना, भामरागड तालुक्यातील लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. ९ एप्रिल २०१९ रोजी, मतदानाला दोन दिवस असताना, दंतेवाड्याचे आमदार भीमा मंडावी यांची गाडी भूसुरुंगाने उडवली गेली आणि त्यांच्याबरोबर चार सुरक्षा कर्मचारीही गेले. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी छत्तीसगडच्या गरियाबंद जिल्ह्यात मतदान आटोपून परतणाऱ्या पथकाबरोबरचा एक जवान स्फोटात मेला. आणि १ मे २०१९, महाराष्ट्र दिन: कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची वाहने रात्री जाळली गेली आणि तिकडे निघालेल्या शीघ्र कृती पथकाची गाडी जांभूळखेड्याजवळ उडवली गेली, १५ पोलीस आणि गाडीचा चालक गेले. मतदान होऊन तेव्हा वीस दिवस झाले होते. बंदोबस्त संपला, पेट्या पोचल्या, सुटका झाली, असे मनाला वाटते तोच हा काळ असतो. त्या सकाळी आमच्या गटाच्या कवायत मैदानावर ध्वजारोहणानंतर साखर वाटली जात होती. बातमी आली तेव्हा हातातली साखर कोणी तोंडात टाकली नाही.

जाळलेली वाहने किंवा पाडलेली खोली ही पुष्कळदा पोलिसांना ठरावीक रस्त्यावर बोलावण्यासाठी असते, हे त्या दिवसाने पुन्हा दाखवून दिले. म्हणून हल्ला झालेल्या इमारतीकडे ताबडतोब धावत न जाणे हा बंदोबस्ताचा पहिला नियम आहे, आणि तो पाळणे फार कठीण असते, कारण वरून फोन येतात, पत्रकार विचारतात, आणि पोलीस अजून पोचले कसे नाहीत असे गावालाही वाटते. केंद्राची जागा आणि तारीख लपवता येत नाही हे वर लिहिलेच आहे. मात्र मतदान पथक कोणत्या वाटेने, कधी, कशाने जाणार हे जाहीर करण्याचे कायद्याचे बंधन नाही, आणि सारी सुरक्षितता या एका मोकळिकीत साठवलेली असते. दुर्गम केंद्रांची पथके दोन-तीन दिवस आधी हेलिकॉप्टरने जवळच्या पोलीस मदत केंद्रावर नेतात, पुढचे अंतर ती चालत कापतात, चालण्यापूर्वी वाट तपासली जाते, आणि परतीची वाट आधीची नसते. मतदान यंत्र खांद्यावर घेऊन पहाटेच्या अंधारात चालणाऱ्या शिक्षकांबद्दल माझ्या मनात जो आदर आहे तो शब्दांत सांगता येणार नाही. आम्हाला शस्त्र होते, प्रशिक्षण होते, पगार त्याच कामाचा होता. त्यांच्याकडे एक पिशवी आणि नेमणुकीचा आदेश असे.

इमारत वाचवण्यासाठी काय करावे, याबाबतचा माझा विचार एका प्रसंगाने बदलला. एटापल्ली तालुक्यातील एका गावाच्या शाळेत आमची तुकडी मतदानासाठी तीन दिवस होती. आम्ही व्हरांड्यात वाळूची पोती रचली, खिडक्या अर्ध्या झाकल्या, कुंपणाच्या कोपऱ्यात पहाऱ्यासाठी आडोसा केला. मतदान शांततेत झाले. निघताना मी विचार केला, की पोती नव्याने भरायला माणसे लागतात, पुढच्या वेळी उपयोगी पडतील, तेव्हा ती इथेच राहू द्यावीत. शाळेचे गुरुजी, वयाने माझ्याहून बरेच लहान, हात जोडून म्हणाले, “साहेब, पोती घेऊन जा. ती इथे राहिली तर तुम्ही अजून इथेच आहात असे दिसेल, आणि तुम्ही तर निघालात.” त्या उन्हात जवानांना पुन्हा पोती उचलायला लावताना मला वाईट वाटले, पण उचलली. भिंतीला मारलेले खिळे काढले, पडवी झाडून घेतली आणि फळ्यावर आमच्या ड्यूटीचा तक्ता लिहिला होता तो पुसला. वाटेत एका हवालदाराने विचारले, की हे पहिल्याच दिवशी आपल्या लक्षात का आले नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते.

तेव्हापासून मी असे मानतो, की शाळेला किल्ल्याचे रूप देणे हा तिच्या संरक्षणाचा वाईट मार्ग आहे. बंदोबस्त इमारतीपासून शक्य तितका बाहेर, वाटेवर आणि आजूबाजूच्या टेकड्यांवर असावा. मुक्काम शक्यतो तंबूत किंवा मदत केंद्रात असावा. आणि काम संपताच शाळा जशी होती तशी, लेखी नोंद करून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावी. हल्ल्याच्या भीतीने केंद्र आठ-दहा किलोमीटर दूरच्या गावी हलवणे हेही मला शेवटचाच उपाय वाटतो. बस्तरमध्ये वर्षानुवर्षे असे केले गेले, आणि मतदाराला धोक्याची वाट स्वतः चालायला लावून आपण पथकाचा धोका कमी केला. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत तिथल्या शंभराहून अधिक गावांत लोकांना प्रथमच आपल्याच गावात मत देता आले, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तसेच पाडलेली खोली किती दिवसांत पुन्हा उभी राहिली, याकडे निकालाइतकेच लक्ष असावे. पडलेली शाळा दोन-तीन वर्षे तशीच राहिली तर ज्याने ती पाडली त्याचा निरोप गाव रोज वाचत राहते.

परिस्थिती बदलते आहे हेही नोंदवले पाहिजे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या वरिष्ठ नेत्यांपैकी एक, भूपती या नावाने ओळखला जाणारा मल्लोजुला वेणुगोपाल राव, याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. ज्यांनी त्या जंगलात साथीदार गमावले त्यांच्यासाठी ती बातमी फार वेगवेगळ्या भावना घेऊन आली. मला प्रथम त्या गुरुजींची आठवण झाली.

आता, प्रश्न विचारणाऱ्या शिक्षिकाबाई, आपल्या शाळेविषयी. सोलापूर जिल्ह्यात सशस्त्र गटांकडून मतदान केंद्रांना असलेला धोका आणि गडचिरोली किंवा काश्मीरमधला धोका यांची तुलनाच होऊ शकत नाही, हे पालकांना निःसंकोच सांगावे. ‘संवेदनशील’ या शब्दाने गैरसमज होतो. आपल्याकडे एखादे केंद्र या यादीत येते ते बहुधा वेगळ्या कारणांनी: मागच्या वेळी तिथे एकाच उमेदवाराला बहुतांश मते पडली, दोन गटांत भांडण झाले, यंत्रात अडथळा आणल्याची तक्रार आली, फेरमतदान घ्यावे लागले, किंवा एखाद्या वस्तीवर मतदानासाठी दबाव येतो असे पाहणीत आढळले. यादीत नाव आल्याचा परिणाम म्हणजे तिथे जादा पोलीस, सूक्ष्म निरीक्षक, कॅमेरा किंवा थेट वेबकास्टिंग मिळते. म्हणजे त्या यादीत असलेले केंद्र इतरांपेक्षा अधिक डोळ्यांसमोर असते. आपल्या केंद्राचे नाव कोणत्या कारणाने आले ते तहसील कार्यालयातील निवडणूक शाखेत किंवा क्षेत्रीय अधिकाऱ्यांना विचारावे, आणि पालकांची एक छोटी बैठक घेऊन सांगावे. नेमके कारण कळले की माणसांची भीती कमी होते. अर्धवट कळलेली यादी व्हॉट्सअॅपवर फिरत राहिली तर ती वाढत जाते.

आपण स्वतः केंद्राध्यक्ष म्हणून नेमल्या जाण्याची शक्यता आहे, आणि बहुधा दुसऱ्याच गावी. तेव्हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या दोन तरतुदी लक्षात असू द्याव्यात. दंगल किंवा उघड हिंसाचार झाला तर कलम ५७ प्रमाणे केंद्राध्यक्षाला मतदान थांबवून पुढे ढकलण्याचा अधिकार आहे, आणि ते पुन्हा सुरू होते तेव्हा आधी दिलेली मते कायम राहतात. मतदान यंत्र पळवले, मोडले किंवा बिघडवले गेले तर कलम ५८ प्रमाणे निवडणूक आयोग त्या केंद्रावरील मतदान रद्द ठरवून नव्याने घेऊ शकतो. यंत्र वाचवण्यासाठी कोणाही कर्मचाऱ्याने जीव धोक्यात घालण्याची गरज नाही, कारण यंत्र गेले तर मत पुन्हा घेता येते. प्रशिक्षणात हे वाक्य मी दर वेळी मोठ्याने म्हणत असे. निवडणूक कर्तव्यावर मृत्यू आल्यास वारसांना किमान १५ लाख रुपये आणि तो अतिरेकी हल्ला, भूसुरुंग किंवा सशस्त्र हल्ल्यामुळे आला असल्यास ३० लाख रुपये सानुग्रह साहाय्य देण्याचे आयोगाचे धोरण आहे. रक्कम घरी सांगून ठेवण्याइतकीच नेमणुकीच्या आदेशाची एक प्रत घरी ठेवणेही आवश्यक आहे, कारण वारसांना तोच कागद लागतो, आणि तो सापडला नाही म्हणून एका कुटुंबाची झालेली परवड मी जवळून पाहिली आहे.

शाळा ताब्यात देताना खोल्यांची, बाकांची, पंख्यांची आणि दिव्यांची नोंद करून त्यावर सही घ्यावी. कार्यालयातील दाखले आणि हजेरीपट मतदानाच्या खोलीत ठेवू नयेत. सुटीच्या काळात बंद पडलेल्या खोल्या, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृहे आदल्या दिवशी स्वतः उघडून पाहावीत, आणि अनोळखी पिशवी, डबा किंवा ताजी उकरलेली माती दिसली तर हात न लावता, मुलांना दूर करून, ११२ वर कळवावे. बहुतेक वेळा ती कोणाची तरी विसरलेली शिदोरी असते. तरी पोलिसांना बोलावल्याचा संकोच वाटू देऊ नये. अशा शंभर फोनांवर फुकट धावायला पोलिसांची तक्रार नसते.

भिंतीवरची मुलांची चित्रे काढून ठेवावीत का, असेही आपण विचारले आहे. उमेदवारांच्या चिन्हांशी साम्य असणारी चित्रे तेवढी झाकावी लागतील, ते केंद्राचे कर्मचारी सांगतील. बाकीची राहू द्यावीत.

आणि मुलांना बोलवण्याविषयी. मतदान पथक संध्याकाळी यंत्रे घेऊन जाईल, ती पुढे मतमोजणीपर्यंत कडक पहाऱ्यात राहतील, आणि आपल्या शाळेत त्या रात्री केवळ रिकाम्या खोल्या उरतील. पुढच्या सकाळी सुटी जाहीर झालेली नसेल तर मुलांना नेहमीच्या वेळी बोलवावे. आपण अर्धा तास लवकर जाऊन भिंतींवरचे बाणांचे आणि खोली क्रमांकांचे कागद काढावेत, खडूच्या रेषा पुसून घ्याव्यात आणि बाके जागेवर लावावीत. वरच्या वर्गातल्या मुलांना मदतीला घेतले तरी चालेल. आदल्या दिवशी इथे काय झाले ते ती विचारतील, आणि ते त्यांना त्याच खोलीत उभे राहून सांगता येईल.